मांजराला मोडणारं खेळणं हवं असतं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘दुसरं काही दाखवा ना, आमची मनी कशाशीच खेळत नाही.’ दुकानदार पिसांचं दाखवतो, घुंगरांचं दाखवतो, बॅटरीवर फडफडणारा मासा दाखवतो. घरी मनी त्या माशाला दोनदा हुंगते आणि मासा ज्या खोक्यातून आला त्या खोक्यात जाऊन बसते. घरात मांजरं सांभाळणारे आणि इतरांच्या मांजरांच्या तक्रारी ऐकून घेणारे आम्ही काही वाचक मिळून हे पत्र लिहीत आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण यात पैसे वाया जातात, घरात कोंडलेलं मांजर लठ्ठ होतं आणि कधीकधी त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करायची वेळ येते.

मोठं झालेलं मांजर खेळण्याला शिकारीसारखंच वागवतं. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी सहकाऱ्यांसह केलेले याविषयीचे अभ्यास १९९८ आणि २००२ साली प्रसिद्ध झाले. भुकेलं मांजर जास्त खेळतं आणि एरवी ज्याला बिचकतं त्या मोठ्या खेळण्यालाही भिडतं, हे पहिल्यात दिसलं. दुसऱ्यात दिसलं ते असं, की तेच खेळणं लागोपाठ दिलं तर दोन-तीन फेऱ्यांत मांजराचा रस संपतो. मात्र त्यानंतर लगेच जरा वेगळं खेळणं समोर आलं की ते पुन्हा तुटून पडतं, आधीपेक्षाही जोरात. खेळायची इच्छा शाबूत असते, कंटाळा त्या एका वस्तूचा आलेला असतो.

तो इतक्या लवकर का येतो, याचं उत्तर उंदरात आहे. उंदीर पकडल्यावर चार चाव्यांत काहीतरी घडतं: केस सुटतात, कातडी फाटते, धडपड थांबते. चावूनही जो जसाच्या तसा राहतो तो एक तर खाण्याजोगा नाही, किंवा आपल्याला झेपणारा नाही. त्याच्यावर वेळ घालवणं मांजराला परवडत नाही. रबरी उंदीर शंभर चाव्यांनंतरही तसाच, म्हणून तो सोफ्याखाली धूळ खातो. उलट पिसं उपटता येतात असं खेळणं, चिंध्या होणारा कागद, धागे निघणारी उशी मांजराला जीव की प्राण. खरी अडचण इथेच आहे. जे मोडतं ते आवडतं, आणि जे मोडतं त्याचे तुकडे पोटात जातात. यातून आम्हाला माहीत असलेली वाट अशी: मांजराकडे सोपवायचं त्यातला मोडणारा भाग कागदाचा किंवा खाण्याचा ठेवायचा. दोरी, पिसं, चिंध्या असलेलं सगळं माणसाच्या हातात राहील आणि खेळ संपला की कपाटात जाईल.

काही विकत घेण्याआधी आपल्या मांजराचा कल ओळखावा. एखादं जमिनीवर सरपटणाऱ्या वस्तूमागे धावतं, एखादं उडणाऱ्या, तर एखाद्याला चादरीखाली न दिसता खुडबुडणारं काहीतरीच हवं असतं. खिडकीतल्या कबुतराकडे बघून जबडा थरथरवत कटकट आवाज काढणारं मांजर बहुधा उडणाऱ्याचं गिऱ्हाईक. झुरळापाठी ओट्याखाली डोकं घालून बसणारं तिसऱ्या जातीचं. परीक्षेसाठी तीन वस्तू पुरतात. खराट्याचा एक हीर घ्यावा, वर्तमानपत्राचं पसरलेलं पान घ्यावं आणि त्याखालून हीर खरखरत न्यावा. जुन्या सुती साडीची हातभर पट्टी फरशीवरून ओढावी. कागदाचा बोळा दोरीला बांधून गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगता ठेवावा. प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये पाच मिनिटं विश्रांती, आणि हे सगळं संध्याकाळच्या खाण्याआधी. तीन संध्याकाळी करावं आणि दर वेळी क्रम बदलावा, कारण पहिल्या वस्तूला ताज्या उत्साहाचा फायदा मिळतो आणि एकाच क्रमाने केलेली परीक्षा खोटा निकाल देते.

बघायचं काय? डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, कान आणि मिश्या पुढे वळतात, अंग जमिनीलगत दबतं, मागचं बूड डोलू लागतं. दबा धरून नुसतं टक लावून बसलेलं मांजरही खेळतच असतं. ‘बघतंय फक्त, खेळत नाही’ म्हणून त्याच क्षणी खेळणं उचलणारी माणसं आपल्याच हातांनी खेळ मोडतात. कान मागे पडले आणि शेपूट फटकारे मारू लागली, तर मात्र ते घाबरलं किंवा वैतागलं आहे. तिथे थांबावं.

काठीला दोरी आणि दोरीला काहीतरी लोंबतं, ज्याला दुकानात टीझर म्हणतात, ते खेळणं बहुतेक चोखंदळ मांजरांना चालतं, आणि ते घरी चांगलं होतं. आकाशकंदिलासाठी बांबूच्या कामट्या मिळतात, त्यातली ६० ते ७० सेंटिमीटरची एक घ्यावी. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून बोथट करावीत, टोकावर सुती कापड दोन वेढे गुंडाळून शिवावं. दोरी म्हणून पायजम्याची विणलेली सुती नाडी उत्तम: चार-पाच मिलिमीटर जाड आणि साधारण ९० सेंटिमीटर लांब. शिवणाचा दोरा, नायलॉनची बारीक दोरी, इलॅस्टिक वापरू नये. ते बारीक असल्यामुळे पटकन गिळलं जातं, आणि इलॅस्टिक तुटून तोंडावर बसतं. टोकाला बांधायचा उंदीर जुन्या मोज्याच्या पंजाचा करावा. सात सेंटिमीटर लांब, आत सुती कापडाचे तुकडे, एकूण वजन १५ ते २० ग्रॅम. तोंड दुहेरी दोऱ्याने आत दुमडून शिवावं. डोळ्यांना मणी किंवा बटणं लावू नयेत. ती हौस माणसाची असते, मांजराला त्यांची गरज नाही. उडणाऱ्या शिकारीची आवड असेल तर उंदराऐवजी दहा सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद अशा सुती कापडाच्या चार पट्ट्या मधोमध आवळून शिवाव्यात. खिडकीत पडलेली कबुतराची पिसं मात्र फुकट मिळतात म्हणून लावू नयेत. त्यांना विष्ठा आणि बारीक किडे असतात.

माप चुकलं की खेळणं फसतं. भित्र्या मांजराला वीतभर लांबीचं भरीव मऊ खेळणं शिकार वाटत नाही, दुसरं मांजर वाटतं. फार हलकंही चालत नाही, कारण पंजाला वजन लागत नाही. रंगाचं म्हणाल तर मांजराला निळा आणि पिवळा बरा ओळखू येतो, लाल फिकट-मळकट दिसतो. विटकरी चादरीवर लाल गोंडा फिरवून ‘बघतच नाही’ म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. घुंगरू काही मांजरांना आवडतं, काहींना त्या आवाजाने धडकी भरते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न उंदरांपुरता ठेवावा, खेळण्यात बांधायची की नाही हे मांजरालाच विचारावं.

पण खरं अपयश असतं हलवण्यात. लोक काठी पंख्यासारखी गरगर फिरवतात किंवा गोंडा थेट मांजराच्या नाकावर आणून आपटतात. कुठलाही उंदीर मांजराकडे चालत येत नाही. शिवाय २५-३० सेंटिमीटरच्या आत मांजराला नीट दिसत नाही, तिथे ते मिश्यांवर विसंबतं. नाकासमोर नाचवलेला गोंडा त्याला धूसर ठिपका वाटतो. खेळणं मीटर-दीड मीटरवर असावं आणि मांजरापासून दूर किंवा आडवं जावं. वीतभर सरकवा, थांबवा, तीन-चार सेकंद अगदी निपचित ठेवा, मग शेपटीएवढं टोक जरा थरथरवा. टेबलाच्या पायामागे जाऊ द्या, पडद्याआड अर्धं दिसेनासं होऊ द्या. झडप बहुधा वेगाच्या क्षणी येत नाही; खेळणं आडोशाला लपू लागलं की येते. दर तिसऱ्या-चौथ्या झडपेला ते खरोखर पकडू द्यावं, दहा-पंधरा सेकंद चावू द्यावं. ओढाताण करू नये, दात आणि नखं अडकतात. शेवटच्या दोन मिनिटांत खेळण्याचा जीव जात चालल्यासारखी हालचाल मंद करावी, शेवटची पकड मांजराची, आणि लगेच बशीत खाणं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा क्रम पुरा झाला की मांजर शांत होतं. पहाटे चारला पायांवर उड्या मारणाऱ्या मांजरांवर हाच इलाज: रात्री साडेदहाला दहा मिनिटं खेळ आणि त्यानंतर रात्रीचं खाणं.

एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढं पुरतं. मांजराचा मूळ कल पहाटेकडे आणि तिन्हीसांजेकडे असतो. दुपारी दोनला झोपेतून उठवून खेळवायला गेलात तर उत्तर ठरलेलं आहे. पाण्याच्या वेळेला ज्या घरांत पहाटे उठावंच लागतं, तिथे बादल्या भरेपर्यंतची पाच मिनिटं मांजराच्या कामी येतात. एवढ्याशा खेळाने काय होतं असं वाटणाऱ्यांसाठी: बाहेर हिंडणाऱ्या मांजरांवर इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने त्यांनी घरी आणलेल्या शिकारींची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी घटली.

लेझरच्या ठिपक्याचं काय, असं विचारलं जातंच. त्यामागे मांजर वेडं होऊन धावतं, पण हाती कधीच काही लागत नाही आणि शिकार अर्धी राहते. काही मांजरं नंतर भिंतींवरच्या उजेडाच्या कवडशांमागे धावत सुटतात. वापरायचाच असेल तर डोळ्यांवर कधीही मारू नये, आणि दोन मिनिटांनी ठिपका खऱ्याखुऱ्या मोज्याच्या उंदरावर नेऊन विझवावा. टॅबलेटच्या पडद्यावर पळणाऱ्या माशांनाही हाच नियम.

मुंबईच्या घरांचे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला फरशीचा. गुळगुळीत टाइल्सवर मांजराचा पंजा धरत नाही. दोनदा घसरलेलं मांजर तिसऱ्यांदा झडप घालत नाही आणि आपण त्याला आळशी ठरवतो. सतरंजी, जुनी गोधडी, घोंगडी, काहीही दीड-दोन मीटर पसरावं, तिच्या कडेला काथ्याचं पायपुसणं टाकावं. निम्मी चोखंदळ मांजरं तिथेच सुधारतात. रात्री खालच्या मजल्यावर गोट्यांसारखा आवाज जाणंही त्याने थांबतं. दुसरा प्रश्न खिडकीचा. हवेत उडणाऱ्या गोंड्यामागे झेपावलेलं मांजर खिडकीची चौकट बघत नाही. ग्रिलच्या गजांमधून मांजराचं डोकं गेलं तर अंगही जातं. जाळी नसेल तर टीझर खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत आणि गुडघ्याच्या उंचीपर्यंतच. ज्या पडद्यामागे उघडी खिडकी आहे तो पडदा आडोसा म्हणून वापरू नये.

आता मोडू द्यायच्या खेळण्यांकडे येऊ. यात वर्तमानपत्राला तोड नाही, आणि आपल्याला हे वाचून वाईट वाटू नये. एका पानाचा मुठीएवढा बोळा करावा, पण सैल. घट्ट वळलेला बोळा दगडासारखा घरंगळतो आणि सळसळत नाही. मांजराने तो फाडला तर खेळ सफल. कपटे गोळा करून टाकावेत. कागद गिळायचीच सवय असलेल्या मांजराला मात्र हे देऊ नये. किराणा मालाचं पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालून बाजूंना चार-पाच सेंटिमीटर व्यासाची सहा-सात भोकं पाडावीत आणि आत बोळे टाकावेत. भोकांतून पंजा घालून मांजर ते बाहेर ओढतं. खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढायची, हे विसरलं जातं आणि मग पट्टी पोटात सापडते. कागदी पिशवी दिली तर तिचे बंद कापून टाकावेत, कारण बंद गळ्यात अडकला की मांजर पिशवीसकट सैरावैरा पळतं.

खाण्याचं खेळणं सर्वांत चिवट चोखंदळालाही वळवतं, पण तिथे घाई नडते. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं लागतं. त्यातलेच दहा-पंधरा ग्रॅम खेळासाठी काढावेत, वरून देऊ नयेत. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे कापून आठ-दहा खळग्यांत दाणे टाकावेत. पहिले दोन दिवस उघडे, मग निम्म्या खळग्यांवर कागदाचे सैल बोळे, मग सगळ्यांवर. पुढची पायरी टॉयलेट रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीची: दोन्ही टोकं आत दुमडायची आणि पोटाला दाण्याच्या दीडपट रुंदीची तीन भोकं पाडायची. पहिला दाणा अर्ध्या मिनिटात मिळाला नाही तर मांजर सोडून जातं, आणि एकदा सोडून गेलेल्या वस्तूकडे त्याला परत आणणं कठीण. भोकं मोठी करा, पण सुरुवातीला जिंकू द्या. चपट्या तोंडाच्या पर्शियनला नळी-बाटली झेपत नाही. तिला उथळ ट्रेच बरा. वीस मिनिटांनी उरलेलं उचलावं, नाहीतर मुंग्या हजर. पावसाळ्यात दाणे सादळतात आणि सादळलेल्या दाण्यांना नाक मुरडणारी मांजरं खेळालाच नाक मुरडतात असा गैरसमज होतो. दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, पुठ्ठा ओला झाला की फेकावा.

वास हा खेळण्याचा अर्धा भाग, आणि माणसाच्या तो लक्षातच येत नाही. पाकिटातून काढलेल्या प्लास्टिकला किंवा सुगंधी साबणाने धुतलेल्या कापडाला मांजर तोंड लावत नाही. नवं खेळणं दोन दिवस हवेवर ठेवावं, मग रात्रभर मांजराच्या अंथरुणात. मोज्याचा उंदीर चमचाभर सुक्या जवळ्याच्या पुरचुंडीसोबत डब्यात एक रात्र ठेवला तर फार चांगला मुरतो. पुरचुंडी आत शिवू नये. वासाच्या लोभाने मांजर कापडच खाऊ लागतं, आणि सुकी मासळी बहुधा खारवलेली असते. खेळणी डांबर गोळ्या ठेवलेल्या कपाटात तर कधीच ठेवू नयेत. नॅप्थलीन, फिनाइल, निलगिरीचं आणि टी ट्रीचं तेल ही मांजराच्या यकृताला न पचणारी विषं आहेत.

कॅटनिप, म्हणजे जिच्या वासाने मांजरं धुंद होतात ती पुदिन्याच्या कुळातली वनस्पती, हिच्याबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० मांजरांपैकी सुमारे दोन तृतीयांश कॅटनिपला भुलली आणि जवळपास ८० सिल्व्हर व्हाइन या तशाच वेड लावणाऱ्या वेलीला. न भुलणं जन्मजात असतं, त्यात आजार नाही. तीन महिन्यांच्या आतली पिल्लं तर भुलतच नाहीत. असर दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि पुढे बराच वेळ पुन्हा होत नाही, म्हणून खेळणं कॅटनिपमध्येच बुडवून ठेवण्यात अर्थ नाही. अर्धा चमचा पूड डब्यात, खेळणी त्यावर, झाकण घट्ट. मुंबईच्या दमट हवेत उघडी पूड लवकर निर्जीव होते. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांच्या कडेला उगवणारी खोकली, जिला कुठे खाजोटी म्हणतात, तिचं ताजं उपटलेलं मूळही मांजरांना असंच वेड लावतं. बोटभर मूळ स्वच्छ धुऊन दुहेरी कापडात शिवून हुंगायला देता येतं. खायला देऊ नये, कारण या वनस्पतीत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. ओळख पक्की नसेल किंवा जागेवर तणनाशक मारलं असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

खेळणी आठ-दहा असावीत, बाहेर तीनच, आणि दोन-तीन दिवसांनी पाळी बदलावी. साउथॅम्प्टनच्या दुसऱ्या अभ्यासाचा घरगुती उपयोग तो हाच. एकाच बसणीत मांजर थंडावलं तर काठी तीच ठेवून टोकाचा उंदीर काढून पट्ट्या अडकवाव्यात. बहुतेकदा एवढा फरक पुरतो. घरात दोन मांजरं असतील आणि एक ‘खेळतच नाही’ असं वाटत असेल, तर दुसऱ्याला दार लावून वेगळ्या खोलीत ठेवून बघावं. दबकं मांजर दांडगट मांजरासमोर शिकार करत नाही, त्याच्यासाठी जागा सोडतं. आणि हाताची बोटं कधीही खेळणं म्हणून वापरू नयेत. पिल्लाचा चावा गंमत वाटतो, वर्षभराने त्याच चाव्यासाठी रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

दोरीविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण डॉक्टरांकडे जाण्याची पाळी इथे येते. मांजराच्या जिभेवरचे काटे आत घशाकडे वळलेले असतात. एकदा दोरा तोंडात गेला की तो थुंकणं त्याला जमत नाही, गिळावाच लागतो. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्याबरोबर पुढे जातं. आतडं त्या दोऱ्यावर नाडी घातलेल्या नेफ्यासारखं गोळा होतं आणि ताणलेला दोरा त्याला आतून कापतो. गजऱ्याचा दोरा, राखीचा धागा, मखराच्या झिरमिळ्या, केसांचं रबर, सुईसकट शिवणाचा दोरा हे सगळे घरचेच गुन्हेगार. संक्रांतीनंतर खिडकीत अडकलेला मांजा त्यात भर घालतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो खिडक्यांत सापडतोच. सतत उलट्या, खाणं बंद, लाळ, पाठीत वाकून बसणं ही लक्षणं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका. ओढल्याने आतडं चिरतं. तेल-तूपही पाजू नका. परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो वा जवळचा पशुवैद्य, त्याच दिवशी गाठा.

काही मांजरं मात्र खरंच खेळत नाहीत, आणि तिथे खेळणं बदलून उपयोग नसतो. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासणाऱ्या २००२ सालच्या एका अभ्यासात ९० टक्क्यांमध्ये सांध्यांची झीज दिसली होती. अशा मांजराला उडी नको असते. त्याच्यासाठी गोधडीवर पडल्या पडल्या पंजा मारता येईल असा हीर पुरे. खेळणं तोंडात धरून लगेच सोडत असेल तर दात आणि हिरड्या बघून घ्याव्यात. खेळताना तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तर तिथेच थांबावं. कुत्र्यासारखं धापणं मांजरात नेहमीचं नसतं. मे महिन्यात पर्शियनमध्ये ते दिसलं तर पंख्याखाली न्यावं, आणि दोन-तीन मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरकडे. कालपर्यंत खेळणारं मांजर आज अचानक बसून राहिलं तर तो नखरा समजू नये.

शेवटी एक मागणी. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशाने मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. मांजराच्या खेळण्यांना तो लागू नाही. त्यामुळे गोंदाने चिकटवलेले डोळे, कच्च्या रंगाची पिसं आणि बारीक इलॅस्टिक असलेलं खेळणं ‘मांजरासाठी’ म्हणून कुठल्याही सूचनेशिवाय विकलं जातं, आणि चोखंदळ मांजराचा मालक ते दर महिन्याला नवं घेतो. उत्पादकांनी पाकिटावर निदान एवढं छापावं: सुटू शकणारे भाग कोणते, ते शिवलेत की चिकटवलेत, आत काय भरलं आहे, आणि खेळ झाल्यावर उचलून ठेवायचं आहे की मांजराजवळ ठेवलं तर चालेल.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत गिऱ्हाइकाने डोळा किंवा घुंगरू दोन नखांत धरून दहा सेकंद जोरात ओढावं आणि पिळावं, पीस मुळाशी धरून खेचावं, ओला अंगठा रंगावर घासावा, खेळणं नाकाशी नेऊन रसायनाचा वास येतो का बघावं. यातल्या एकाही गोष्टीत नापास झालेलं खेळणं घेऊ नये. आणि दुकानदारांनी प्रत्येक प्रकाराचा एक नग पाकिटाबाहेर काढून ठेवला, तर ही ओढाताण घरी जाऊन करण्याऐवजी काउंटरवरच उरकता येईल.

आपले,
मांजरं सांभाळणारे काही वाचक,
दादर, मुंबई